पाव्याची शाळा

अध्यक्षांनी माझ्या हातातला पावा ओढून घेतला. भर वर्गात. त्यांच्यामागे पाहुणे उभे, समोर जमिनीवर बसलेली माझी पोरं. पावा त्यांनी टेबलावर टाकला आणि रुमालाला बोटं पुसली.

"बाई, हाई शाळा शे. होळीना मेळा नही."

पाहुणे हसले. हेडमास्तरही हसले. मी मान खाली घातली.

अध्यक्ष म्हणजे बाजारपेठेतले मोठे व्यापारी. शाळा त्यांच्या संस्थेची, निवासी. पोरं सातपुड्यातल्या पाड्यांवरची. मीही तिथलीच, पावरा आदिवासींतली. तासिकांवर शिकवणारी, कधीही काढून टाकता येणारी.

आमच्या पोरांची घरची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी. शाळेत आली की ती मुकी होतात. मीही झाले होते. माझ्या वर्गातली सुमली तर भिंतीकडे तोंड करून बसायची. आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. काही विचारलं की डोळे मिटून घ्यायची. रागावून पाहिलं, जवळ घेऊन पाहिलं. काही नाही.

मग मी बापाचा पावा आणला. शेळ्यांमागे फिरताना त्यानंच मला शिकवलेलं. पेरताना आमच्या बाया गातात ती चाल वाजवली. सुमली वळली. ओठ हलले. आवाज आला, बारीक, फाटका. तिच्यामागे सगळा वर्ग गायला लागला. गाणं संपल्यावर ती आमच्या बोलीत म्हणाली, "माझी आई हे गाते."

शाळेतलं तिचं पहिलं वाक्य. मी ते फळ्यावर मराठीत लिहिलं. तिनं बोट ठेवून वाचलं. त्यानंतर ती रोज बोलायची.

अध्यक्ष येऊन गेले आणि सगळं थांबलं. हेडमास्तरांनी माझं वाजवणं बंद केलं, बोलीही बंद. मी त्यांच्यापुढे हात जोडले. रडले. उपयोग झाला नाही. सुमलीनं पुन्हा तोंड फिरवलं. तिच्याशी बोलायला माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मग स्नेहसंमेलन आलं. अध्यक्षांनी मला बोलावलं.

"गेटवर आदिवासी नाच पाहिजे. पोरेस्ले पाला बांध, तोंडले रंग लाव. तू पुढे वाजव."

मी विचारलं, "वर्गात चालत नाही, ते गेटवर कसं चालतं?"

"पाहुणास्ले आवडस."

नोकरी जाईल हे कळत होतं. तरी बोलले. "तुमच्या घरची पोरं पाला बांधून नाचतील का, साहेब? मी वाजवणार नाही."

ते शेजारच्या हेडमास्तरांकडे बघून म्हणाले, "हिले उद्यापासून येऊ देऊ नका."

माझ्या जागी दुसऱ्या मास्तरांनी पोरांना पाला बांधला. सुमली नाचेना, म्हणून तिला खोलीत कोंडलं. तिच्या बापाला कळलं. तो आला आणि तिला गुजरातेत उसाच्या फडावर घेऊन गेला. पाड्यावरची माणसं मला म्हणतात, तू गप्प बसली असतीस तर पोरगी शाळेत राहिली असती. मला झोप लागत नाही.

पण राहिली असती ती कशी? पाला बांधून, भिंतीकडे तोंड करून.

मी गुजरातेत जाणार आहे. फड शोधीन, तिच्या बापाचे पाय धरीन, सुमलीला परत आणीन. तिला घेऊन त्याच शाळेच्या दारात बसेन. तिला आत घ्यावं लागेल, तिच्या बोलीसकट. पोलीस बोलवा. फरफटत न्या. मी पुन्हा येऊन बसेन.