चराईबंदी

माझ्या मामीच्या घरामागून एक पायवाट पठारावर जाते. पन्हाळ्याच्या पलीकडच्या अंगाला जांभ्या दगडाची अशी बरीच पठारं आहेत. वर झाडं नाहीत, मातीही बोटभरच. पावसाळ्यात त्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद अशी इवली फुलं येतात आणि पावसाबरोबर संपतात. उष्णता वाढली, पाऊस मागंपुढं झाला, तर अशा जागांचं काय होईल, हे शोधायचं काम मी विद्यापीठात करत होते. मुक्काम करून अभ्यासायला मामीच्या गावचं पठार निवडलं, त्याचं अर्धं कारण मामीच होती.

मामा तरुणपणीच गेला. मूलबाळ नव्हतं. मामीनं म्हशींवर घर सावरलं आणि माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या तिच्या चुलीपुढं गेल्या. आता मी मोजमापाची चौकट आणि तापमापक घेऊन वर जायचे, ती म्हशी घेऊन यायची. मी गुडघ्यांवर बसून रोपं मोजत असले की ती माझ्या पाठीवर इरलं टाकून जायची. दुपारी एकाच फडक्यातली भाकरी दोघी खायचो.

जे सापडत होतं ते बरं नव्हतं. पावसात मोठे खंड पडत होते, खळग्यांतलं पाणी मधेच आटत होतं आणि फुलं बी धरायच्या आत करपत होती. एक गोष्ट मात्र मला सुखावून गेली. जिथं म्हशी बेतानं चरत होत्या तिथं उंच गवत माजत नव्हतं आणि बुटक्या फुलांना ऊन मिळत होतं. हे मी अहवालात स्वच्छ लिहिलं. मामीला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, मग म्हशींची नावं बी घाल की त्यात.

जिल्ह्याच्या हवामान आराखड्यासाठी आमचा अहवाल मागवला गेला, त्या दिवशी विभागात पेढे वाटले. वर्षानुवर्षं कपाटात पडणारं काम कुणीतरी वापरणार होतं. आराखडा आला तेव्हा त्यात आमच्या अहवालातला फक्त नकाशा होता. मामीचं पठार लाल, म्हणजे सर्वांत नाजूक. शेजारी एक ओळ: मानवी हस्तक्षेप थांबवावा. म्हशींचं काही नव्हतं.

पुढच्या पावसाच्या तोंडावर मामीचा फोन आला. "वर तार मारल्या. चराईबंदी म्हणून फळी लावल्या. तुला न इचारता कसं केलं गं त्यांनी?"

मला विचारून सगळं होतं, असं तिला वाटत होतं.

मी कार्यालयात गेले. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, अहवालातलं म्हशींबद्दलचं पान माझ्यासमोर वाचलंही. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लाल दाखवलंय. लाल असून जनावरं सोडली, तर उद्या आम्हालाच विचारतील." एकेका पठाराला वेगळा नियम करता येत नाही, फेरआढाव्याच्या वेळी बघू, असंही म्हणाले. मला त्यांच्यावर धड चिडताही येईना.

मामीनं काही दिवस विकतची वैरण घालून पाहिलं. मग म्हशी विकल्या. मला कळवलं नाही. पुढं गावात गेले तेव्हा तिच्या शेजारणीनं सांगितलं. थोरली म्हैस टेम्पोत चढायलाच तयार नव्हती. माणसं ओढून दमली. शेवटी मामी स्वतः फळीवरून आत चढून उभी राहिली, तशी म्हैस मुकाट्यानं तिच्या मागून चढली. मग मामी बाजूनं खाली उतरली आणि टेम्पो गेला.

त्यानंतर तिनं गोठा विकला, घराला कुलूप लावलं आणि कबनूरला बहिणीकडं गेली. तिथं घरातच यंत्रमाग होते. मामी मागासाठी सुताच्या कांड्या भरू लागली.

मी परवानगी काढून तारेच्या आत मोजत राहिले. गवत कमरेला लागत होतं. त्याच्या बुडाशी हात घालून फुलं शोधावी लागत होती, आणि कितीतरी चौकटींत एकही सापडलं नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, इतका स्पष्ट निष्कर्ष नशिबानं मिळतो. मी मान डोलावली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

फोटोंसह सगळं पुन्हा कार्यालयात दिलं. त्या अधिकाऱ्यांनी खरोखर ते लावून धरलं. फेरआढाव्यात नियम बदलला: ठरावीक काळात, मर्यादित चराईस मुभा. वाक्य जवळजवळ माझंच होतं.

तो कागद घेऊन मी कबनूरला गेले. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून मामी बाहेर आली. तिच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकले होते. मी म्हटलं, "मामी, वाट उघडली. म्हशी सोडता येतात आता वर."

"कुणाच्या?" तिनं विचारलं.

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळलं नव्हतं. मी म्हटलं, आपण एक घेऊ, मी आहे. तिनं हाताची बोटं मिटून उघडून दाखवली. "धार काढायचं बळ ऱ्हायलं न्हाय ह्यात. आन् गोठा तरी कुठं हाय?" मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "तू वंगाळ लिवलं न्हवतंस. म्या सांगितलंय समद्यास्नी." आतून बहिणीनं हाक मारली, कांड्या संपल्या होत्या. मला चहा घेऊन जायला सांगून ती आत गेली.

आता गावातल्या काही जणांच्या म्हशी वर जातात. फुलं कुठं कुठं परतलीत, सगळीकडं नाही. पाऊस पूर्वीसारखा नाहीच. मामी कबनूरलाच आहे. मी फोन करते तेव्हा ती जेवलीस का विचारते, सरांची तब्येत विचारते. पठाराचं विचारत नाही, आणि मीही तो विषय काढत नाही.