बाहेरून कडी असलेलं गेट

समजा, तुम्हाला घरच्या अंगणात गेट बनवायचंय. चौकोनी पाइप आणलाय, भाड्याचं वेल्डिंग मशीन दाराशी ठेवलंय. पाइप कापा, चौकट जमिनीवर मांडा. चारही कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारा. दोन्ही कर्ण सारखे भरले, की मगच पक्कं जोडा. घाईनं एकच कोपरा आधी पक्का केलात, तर थंड होताना ते वेल्डिंग पाइपाला आपल्याकडं ओढतं आणि अख्खी चौकट तिरकी होते. इथवर सोपं आहे. आता सांगा, कडी कुठल्या बाजूला लावाल?

तुम्ही म्हणाल, आतून. गेट असतं ते बाहेरच्यांना अडवायला. बिभीषणनंही चिकलठाण्याच्या कंपनीतल्या मित्रांना अशीच गेटं बनवून दिली होती. स्वतःच्या घराला मात्र तो बाहेरून कडी जोडत होता, आणि कुणी बघू नये म्हणून गल्लीकडं पाठ करून बसला होता.

पण मुकुंदवाडीच्या गल्लीत वेल्डिंगची ठिणगी उडाली की बघणारे येतातच. शेजारचे काकासाहेब दात घासत घासत आले, खाली वाकून कडी पाहिली आणि म्हणाले, "बिभीषणराव, घर हाय का कोंडवाडा? बायकोला कोंडतू का काय?"

"आबांसाठी हाय," बिभीषण म्हणाला.

काकासाहेबांच्या तोंडातला ब्रश तसाच राहिला. मग ते नळाकडं गेले. चूळ भरायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

आबा म्हणजे बिभीषणचे वडील, मल्हारराव. सारं आयुष्य पाचोडच्या रानांतून मेंढरांमागं गेलेलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा कळप विकला आणि नवरा-बायको लेकाकडं शहरात आले. पहिले काही महिने बरे गेले. मग मल्हारराव विसरायला लागले. आधी चष्मा, मग नातीचं नाव, मग आपण कुठं आहोत तेच. एका दुपारी ते सरळ जालना रोडवर गेले, मधोमध उभे राहिले आणि काठी आडवी धरून ट्रक अडवले. नसलेली मेंढरं रस्ता पार करत होती. एका रिक्षावाल्यानं त्यांना हाताला धरून घरी आणलं. "चाचा को संभालो भाई," एवढंच तो म्हणाला. बिभीषणला मात्र त्यानंतर कंपनीत मशीनपुढं उभं राहिलं की तेच दिसायचं: ट्रक, आणि पुढं आडवी काठी.

दिवसभर घरी आई, बानाबाई, एकटी. अंगणाला भिंत होती, पण भिंतीतली वाट उघडीच. म्हणून हे गेट.

बिजागऱ्या आणायला तो शहागंजला गेला तेव्हा दुकानदारानं बजावलं होतं, "एक पिन ऊपर रखना, एक नीचे. दोनों ऊपर रखे तो चोर गेट उठाके ले जाता."

"हमारे गेट को चोर का डर नहीं," बिभीषण म्हणाला होता. रंग द्यायला गेट सहज काढता यावं म्हणून त्यानं दोन्ही पिनांची टोकं वरच ठेवली. गेट पिनांवर नुसतं अलगद बसवलेलं.

गेट उभं राहिलं. मल्हाररावांनी पाइपावरून हात फिरवला, हलवून पाहिलं आणि लेकाकडं बघून मान डोलावली.

"वाघर चांगली लावलीस. लांडगा येत नाय आता."

वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची जाळी. त्या जाळीला एकच तोंड ठेवतात. संध्याकाळी त्या तोंडाशी मेंढका बसतो आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवर हात ठेवून मोजून घेतो. त्या संध्याकाळपासून मल्हारराव गेटाजवळ बसायला लागले.

शाळेतून नात सृष्टी आली. तिच्या पाठीवर हात पडला. बाजारातून बानाबाई आली, तिच्याही. सून करुणा शिवणाच्या क्लासवरून आली आणि सासऱ्याचा हात पाठीला लागताच अंग चोरून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की त्या हाताला आपण कोण ते ठाऊकच नाही. तो नुसता मोजतोय. ती तशीच थांबली, मोजून होईपर्यंत. शेवटी बिभीषण.

मल्हाररावांनी अंगणाकडं पाहिलं, ओठ हलवले. "एक कमी हाय."

"आबा, तुमीच राहिलात मोजायचे," सृष्टी हसून म्हणाली.

"मेंढक्याला कुणी कळपात धरतं का गं? येडी का खुळी तू?" म्हातारा खरंच वैतागला. "एक कमी हाय. रानात राहिलंय."

रोज तेच. जेवताना घास तोंडापाशी थांबायचा आणि नजर गेटाकडं जायची. बिभीषणनं आईला विचारलं, "कोण कमी हाय म्हणतेत गं?"

"मला इचारतू?" बानाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "मी काय त्यांच्या डोक्यात बसते व्हय? गेट नव्हतं तवर मोजत नव्हते. तू लावलंस आन त्यांना काम लागलं."

ते बिभीषणला लागलं.

एका सकाळी सृष्टीच्या हाकेनं तो बाहेर आला. रात्री फटीतून हात घालून कडीला लावलेलं कुलूप तसंच होतं, फक्त गेट वाटेवर नव्हतं. ते आतल्या भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं, एखादं कोकरू खाली सापडू नये इतक्या काळजीनं. बिजागरीखाली काठी घालून म्हाताऱ्यानं ते पिनांवरून उचललं होतं आणि मग गेट बाजूला ओढून कडीचं टोक भिंतीतल्या भोकातून सोडवलं होतं.

स्टेशनच्या पलीकडं, रुळांलगतच्या झुडपांत ते सापडले. पायाला काटे लागलेले. काठीनं एकेक झुडूप बाजूला सारत होते. मागून मालगाडीचा भोंगा वाजला तरी त्यांनी मान वळवली नाही. बिभीषणनं धावत जाऊन त्यांना कवटाळलं आणि गाडी जाईपर्यंत सोडलं नाही.

"हितं नाय," मल्हारराव त्याला म्हणाले, जणू तोही शोधायलाच आला होता.

त्याच दिवशी बिभीषणनं सुट्टी टाकली आणि मशीन पुन्हा भाड्यानं आणलं. काम थोडंच होतं. पिनेच्या माथ्यावर लोखंडाची चकती बसवायची, की गेट उचलता येत नाही. पण रॉड चिकटायचा, झटकून सोडवावा लागायचा. दोनदा टाका चुकला.

"इकडं बघू नका आबा, डोळे जातील."

मल्हाररावांनी आज्ञाधारकपणे तोंड भिंतीकडं केलं. पण गेट हलतंय हे त्यांना जाणवलं असावं. तोंड तसंच फिरवून त्यांनी दोन्ही हातांनी गेट घट्ट धरलं, लेकाचं काम सरळ व्हावं म्हणून. बिभीषणनं वेल्डिंगची काळी काच चेहऱ्यासमोर धरली आणि पुष्कळ वेळ रॉड टेकवलाच नाही.

मग टेकवला. काय करणार होता?

दुसऱ्या दिवशी कंपनीतून तो आला तेव्हा म्हातारा बिजागरीखाली काठी घालून जोर लावत होता. गेट हललं नाही. बिभीषणला वाटलं, आता ओरडतील, शिव्या देतील. तसं काही झालं नाही. मल्हाररावांनी नव्या वेल्डिंगवर बोट फिरवलं. मग काठी पाइपांच्या फटीतून बाहेर सारली.

"मला जाता येत नाय. तू जा. अंधार पडायच्या आत बघून ये."

बिभीषणनं काठी घेतली. मुठीपाशी ती झिजून गुळगुळीत झाली होती आणि अजून उबदार होती. एका हाताला स्टेशन, दुसऱ्या हाताला जालना रोड. जायला त्याची ना नव्हती. म्हातारा सांगेल तिकडं, पार पाचोडपर्यंत तो गेला असता. बाहेरून लावलेल्या कडीवर हात ठेवून तो वाकला आणि बापाच्या डोळ्यांत पाहत म्हणाला,

"जातो आबा. पण कमी कोण हाय? रानात मी हाक कुणाच्या नावानं मारू?"