वरच्या पाड्याची घंटा

नोकरीभर दुर्गम भागातल्या शाळा तपासत फिरलो. जिथे आगगाडी कधी पोचली नाही, तिथेही शाळेपुढच्या झाडाला घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असायचा. आता गुडघे दुखतात आणि सगळ्या शाळा सारख्याच वाटायला लागल्यात.

काल मात्र डोंगरातल्या एका शाळेत असे दोन तुकडे दिसले. मुलं वर्गात बसली होती, तरी बाई दुसऱ्या तुकड्यावर टोल मारत होत्या.

"हा कुणासाठी?" मी विचारलं.

"वरच्या पाड्यासाठी, सर. तिथली शाळा बंद झाली. पोरं इथल्या घंटेला खाली येईनात. ती आमची नाही, म्हणायची. मग तिथला रूळच उतरवून आणला."

"आता येतात?"

"थोडे दिवस आली."

पायवाट रिकामी होती. शाळेची सवय लावायला बाईंसारख्यांची वर्षं जातात आणि ती सुटायला एक पावसाळा पुरतो. हे इतक्या ठिकाणी पाहिलंय की हल्ली वाईट वाटायचंही राहून जातं.

बाईंनी हात बदलला आणि पुन्हा टोल मारला.