खड्ड्यात घातलेली माझी खडी

रिक्षा फाटकासमोर थांबली, मी पाय खाली टेकवला आणि चपलेखाली कचकच झालं. केडगावच्या आमच्या गल्लीत पावसाळ्यात चपलेला चिखल लागतो, कचकच होत नाही. म्हणून खाली पाहिलं. फाटकासमोर दरवर्षी साचणाऱ्या डबक्याच्या जागी लाल आणि काळे दाणे पसरलेले होते. तुरीच्या दाण्याएवढे, सगळे एका मापाचे.

"बरं झालं मॅडम, खड्डा बुजवला," रिक्षावाला माझी बॅग उतरवत म्हणाला.

ते दाणे मी फोडले होते, मी चाळले होते, मी धुतले होते. माझ्या बोन्सायच्या कुंड्यांतली खडी होती ती, आणि तिच्यावरून स्कूटर चालल्या होत्या.

बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी महिनाभर कर्जतला गेले होते. निघताना नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की पाऊस नसेल त्या दिवशी झाडांना पाणी घाला, बाकी कशाला हात लावू नका. मी बॅग दारातच टाकली आणि तशीच गच्चीवर गेले.

चिंच, वड, उंबर, सगळी झाडं कुंड्यांत होती, पण कुंड्यांत काळी माती होती. कोपरगावची, उसाच्या रानातली, चिकण, जड माती, वर शेणखताचा थर. पाणी वरच साचून राहिलं होतं. चिंचेची पानं मिटलेली होती. चिंच संध्याकाळी पानं मिटते आणि सकाळी उघडते, तिचा नेमच आहे तो. पण तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

नवरा मागून वर आला. "तुला सरप्राइज द्यायचं होतं," तो म्हणाला. "भाऊ आला होता. त्यानंच केलं सगळं. पोत्यात माती घेऊन आला, स्वतःच्या रानातली."

"आणि तुम्ही काय करत होता?"

"मी बादली धरली."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. माझ्या दिराचा मला राग आला, पण त्यांना काही माहीत नव्हतं. नवऱ्याला माहीत होतं. ती खडी जमवण्यात माझी किती वर्षं गेली, हे त्यानं याच घरात राहून पाहिलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बोन्सायचा नाद लागला. पहिल्यांदा नर्सरीवाल्यानं सांगितलं तसं केलं: लाल माती, शेणखत, थोडी वाळू. उथळ कुंडीत ते मिश्रण दोन पावसात विटेसारखं घट्ट बसलं आणि मुळं कुजली. तेव्हा कळलं, की इतक्या कमी जागेत झाडाला माती नको असते. त्याला पाणी धरणारी आणि हवा सोडणारी काहीतरी वस्तू हवी असते, जी कुजत नाही, विरघळत नाही, झाडाला स्वतःहून काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेतही नाही. झाडाला जेवू घालणं माझं काम. पेंडीचं पाणी मी मोजून देते. कुंडीतल्या दाण्यांनी फक्त मुळांना धरून ठेवायचं.

मग अशी वस्तू शोधत मी हिंडले. बाहेरून येणारी जपानी माती मिळते, पण आपल्या दारात दगड असताना ती कशाला? कर्जतच्या रस्त्यावरचा मुरूम आणला. त्यावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं, म्हणजे आत चुना. तो बाद. साखर कारखान्याच्या भट्टीतल्या राखेचे खडे आणले. दिसायला हलके, सच्छिद्र, अगदी हवे तसे. त्यात लावलेल्या रोपाच्या पानांची टोकं करपली, तेही बाद. विटा फोडल्या. कच्च्या भाजलेल्या विटेचा पाण्यात चिखल होतो आणि जास्त भाजलेली काळी पडते, पाणीच पीत नाही. शेवटी आमच्या मिशनच्या जुन्या वसतिगृहाचं छप्पर उतरवून पत्रे टाकले, तेव्हा मी पाळकसाहेबांना विचारून फुटकी कौलं मागून आणली. एक तुकडा पाण्याच्या पेल्यात आठवडाभर ठेवला. पाणी स्वच्छ, तुकडा टणक, आणि जिभेला लावला की चिकटत होता, म्हणजे पाणी पिणारा. मी त्या दिवशी खरोखर आनंदानं ओरडले होते. ती कौलं आणि खडीच्या क्रशरवरची काळी कच, निम्मी निम्मी. फोडायची, दोन चाळण्यांतून काढायची, बारीक भुकटी फेकून द्यायची, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायची. हाताला घट्टे पडले होते माझ्या.

आणि हे सगळं डबक्यात.

दुपारी दिरांचा फोन आला. आवाज खूश होता. "वहिनी, कशी वाटली झाडं? पार दगडात हुती वो बिचारी. लई कीव आली मला. आता बघा कशी फुटत्यात. सोनं हाय आमची माती, सोनं."

"भाऊजी, मला विचारायचं होतं ना. फोन होता माझ्याकडे."

"आता त्यात काय इचारायचं? झाडाला माती घालायला इचारत्यात व्हय?"

"मी कोपरगावला येऊन तुम्हाला न विचारता तुमच्या उसाला पाणी सोडलं तर?"

ते हसले. "ऊस येगळा, वहिनी. ती शेती हाय. ह्यो तुमचा छंद."

मी फोन ठेवला. नवरा ऐकत होता. म्हणाला, "त्यानं चांगल्या मनानं केलं. तू जरा गोड बोलायला हवं होतंस."

चांगल्या मनानं! या दोन शब्दांइतके दुसरे कोणतेच शब्द माणसाचं तोंड बंद करत नाहीत. वाईट मनानं कुणी काही केलं तर निदान भांडता तरी येतं. इथं माझी झाडं बुडाली होती आणि आभारही मीच मानायचे होते. तीस वर्षं मी मुलांना केशाकर्षण शिकवलं, पाणी कुठं थांबतं आणि का वर चढतं ते शिकवलं. त्याच गोष्टी मी गच्चीवर केल्या तर त्याचा छंद झाला, आणि छंद कुणीही येऊन दुरुस्त करू शकतो.

मी घमेलं, केरसुणी आणि चाळणी घेतली आणि फाटकाबाहेर जाऊन बसले. भर दुपारी, रस्त्यात. वरचे स्वच्छ दाणे आधी गोळा केले, मग चिखलात रुतलेले बोटांनी काढले. समोरच्या घरातली बाई दारात आली. "मॅडम, काही हरवलं का?"

"हो," मी म्हणाले.

नवरा फाटकात उभा राहिला. "लोक बघतायत."

"बघू देत. ओतताना बघत होतेच ना?"

तो आत गेला. बाहेर आला नाही. घमेलं काही भरलं नाही. बराचसा माल टायरांखाली भुगा झाला होता. जे मिळालं ते धुऊन घेतलं आणि त्याच संध्याकाळी एकेक झाड काळ्या मातीतून सोडवलं. मुळं पाण्यात धरून माती सुटी करताना मला रडू येत होतं, पण हात थांबवले नाहीत. खडी पुरली नाही. कुणाला द्यायची आणि कुणाला नाही हे मला ठरवावं लागलं. चिंचेला आणि वडाला दिली. उंबराला घरात शिल्लक असलेली नुसती कच दिली, कारण उंबर कुठंही जगतो, भिंतीत, गटारात, पुलाखाली.

चिंच गेली. बी पेरून वाढवलेली होती ती, खोड माझ्या मनगटाएवढं झालं होतं. आठवडाभर पानं मिटलेली राहिली आणि मग गळली. वडाची डावी फांदी वाळली, ती कापावी लागली. आता तो एका बाजूला वाकलेला दिसतो. उंबर मात्र तरारला.

नाताळला सगळे आमच्याकडे जेवायला जमले. जेवणं चालू असताना दिरांनी गच्चीवरचा विषय काढला. "वहिनींनी दगडासाठी रस्ता झाडला म्हनं!" सगळे हसले, नवराही हसला. मग ते म्हणाले, "पर उंबर बघा कसा फुटलाय. आमच्या मातीची कमाल."

मी वाढायचा डाव पातेल्यात ठेवला. "उंबर कचेत आहे, भाऊजी. तुमच्या मातीत चिंचेची मुळं कुजली. ती मेली. मी तिला अकरा वर्षं वाढवली होती. तुम्ही मला विचारलं नाहीत, यांनी तुम्हाला अडवलं नाही, आणि इथं बसलेल्या एकानंही मला कधी म्हटलं नाही, की तुझं नुकसान झालं. सगळ्यांनी सांगितलं ते एवढंच, की मन चांगलं होतं."

दिरांनी ताटाकडे पाहिलं. तेवढ्यात माझी जाऊ, जी अशा वेळी कधी तोंड उघडत नाही, ती हळूच म्हणाली, "माझं शिलाई मशीन इकलं हुतं यांनी. मी माहेरी गेल्ते तवा. खोलीत अडचन हुती म्हनून." ती ताटातला भात कालवत राहिली. "चांगल्या मनानंच."

दिरांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, ते मशीन त्यांच्या आठवणीतही नव्हतं. ते म्हणाले, "आता हे कुठनं काढलं मधेच?" मी तिच्या ताटात वाढलं आणि तिच्याशेजारी बसून जेवले.

माफी आजवर कुणी मागितलेली नाही. दीर फोनवर आता तब्येतीचं विचारतात, झाडांचं विचारत नाहीत. त्यात बरं वाटावं असं काय आहे, पण मला बरं वाटतं.

वसतिगृहाची कौलं संपली, तिथं आता पत्रे आहेत. उन्हाळ्यात नवरा एक दिवस स्वतःहून म्हणाला, "चल, खेड्यांकडे बघू. घरं पाडतायत लोक, कौलं मिळतील." मी स्कूटरवर मागे बसले. एका गावात एका माणसानं पाडलेल्या पडवीच्या कौलांचा ढीग दाखवला आणि विचारलं, "कशाला पायजेत फुटकी?"

"हिला लागतात. झाडं लावायला," नवरा म्हणाला.

"कौलात झाडं? न्हाई वो, जगायची न्हाईत."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "तुम्हीच सांगा."

त्यानं सांगितलं. कौल पाणी पितं आणि झाडाला खत देतं, असं म्हणाला. अर्धं चुकलं होतं. मी तिथल्या तिथं, त्या माणसासमोरच, दुरुस्त केलं.