अक्कांची मराठी फाइल

घरी, कॉलेजात, मित्रांत — हे मी कुठेच बोललेलो नाही. ज्यांच्यासोबत काम केलं, त्यांच्यातल्या एकीखेरीज बाकीच्यांनाही हे वाचूनच कळेल. मी एक चांगलं काम न तपासता नापास केलं. आणि तपासलं, असं सांगितलं.

जळगावला मी तंत्रनिकेतनात वीज हा विषय शिकवतो. काही वर्षांपूर्वी खानदेशातल्या आम्ही काही प्राध्यापकांनी आणि इंजिनिअरांनी मिळून एक काम हाती घेतलं. सौर पंप, पवनचक्क्या, वीजदर — यांबद्दल सरकार जी धोरणं ठरवतं, त्यांचे डेटाबेस ठिकठिकाणी विखुरलेले असतात. त्यांतले खरोखर खुले कोणते, हे पारखून एका सामाईक संकेतस्थळावर आणायचे. खुले म्हणजे काय? कोणालाही पूर्ण उतरवून घेता यावेत, वापरायची परवानगी स्पष्ट लिहिलेली असावी, आणि फाइल संगणकाला वाचता यावी. ऐकायला सोपं आहे. पण भलीमोठी संकेतस्थळंसुद्धा यात अडकायची — कुणी पासवर्ड मागायचं, कुणी नुसती कागदांची छायाचित्रं चढवून ठेवलेली.

धुळ्याच्या अक्कांनीही आपला डेटाबेस पाठवला होता. अक्का म्हणजे अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. सगळा गट त्यांना अक्काच म्हणायचा. सौर पंपापासून पवनचक्कीच्या जमिनीपर्यंत, एकेक शासन निर्णय वाचून त्यांनी तो तक्ता एकटीने बांधला होता. सगळा मराठीत, आणि आपल्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवलेला.

तो पारखायचं काम माझ्याकडे आलं. फाइलवर क्लिक केलं, उघडली — आणि पडदाभर नुसती चिन्हं. ना अक्षर, ना शब्द. कोणताही डेटाबेस नाकारण्याआधी तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचा, असा आमचा नियम होता. नियम मीच आणलेला. मग मी तसं का केलं नाही? घाई होती का? नव्हती. मला वाटलं — मराठीतली फाइल आहे, घोळ असणारच. एवढंच वाटलं. आयुष्यभर मराठीत बोललेल्या माणसाला हे वाटलं.

बैठकीत मी सांगितलं, "संगणकाला वाचता येत नाही." आमच्यातल्या एकाने विचारलं, दुसऱ्या मशीनवर पाहिलंत? मी हो म्हणालो. किती सहज निघालं ते तोंडातून. अक्का समोरच बसल्या होत्या. रागावल्या नाहीत. "माझंच काहीतरी राहिलं असेल," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या — "तू पाह्यं ना भाऊ, मंग बठ्ठं बराबर शे." मी पाहिलं म्हणजे सगळं बरोबरच, असा त्यांचा विश्वास.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांची यादी उघडताना तीच चिन्हं दिसली. ती यादी तर मीच केलेली, मराठीत. तेव्हा उमगलं. फाइलवर नुसतं क्लिक करून चालत नव्हतं. ती तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आत घेताना 'युनिकोड' ही मराठी लिपीची खूण निवडावी लागायची. तशी अक्कांची फाइल उघडली. स्वच्छ. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

मग मी ती वाचत बसलो. काय सांगू तुम्हाला — असा तक्ता मी पाहिला नव्हता. रद्द झालेलं धोरणही त्यांनी पुसलं नव्हतं. त्याच्या जागी कोणतं आलं, कोणती अट बदलली, ते शेजारी नोंदलेलं. प्रत्येक ओळीला मूळ निर्णयाचा दुवा. जिथे माहिती मिळाली नाही तिथे रिकामं सोडलं नव्हतं, "हे मला कळलं नाही" असं लिहिलं होतं. आपल्या क्षेत्रात किती लोक असं लिहितात? मी तर कधीच लिहिलं नाही. आमच्या गटाने कागदावर मांडलेले सगळे निकष अक्कांनी कोणी न सांगता पाळले होते.

फोन हाताशी होता. एक वाक्य बोलायचं होतं. पण बोललो तर "हो, पाहिलं" हेही खोटं ठरणार — म्हणून गप्प राहिलो. वाटलं, पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ तोवर अक्कांनीच आणली. कित्येक महिने बसून त्यांनी सगळा तक्ता इंग्रजीत केला आणि संकेतस्थळावरून मराठी काढून टाकलं. संगणकाला आपली लिपी झेपत नाही, असं त्या माझ्या शब्दावरून धरून चालल्या होत्या.

इंग्रजी तक्ता निवडला गेला. बैठकीत अक्कांनी उठून माझे आभार मानले. म्हणाल्या, परीक्षक असा कडक हवा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात जोडले — तेही केलं मी.

आणि नंतर एकदा अक्कांनी फोनवर सहज सांगितलं. दोंडाईच्याच्या एक बाई. सौर पंपाचा अर्ज परत आला, तेव्हा त्यांनी अक्कांच्या तक्त्यात मराठीत शोधून नेमकी अट काढली होती आणि कार्यालयात दाखवून पंप मंजूर करून घेतला होता. आता त्यांच्या भावजयीचा अर्ज अडकला होता, आणि त्यांनी अक्कांना विचारलं होतं — "तुमचं ते गेलं कुठे? आता तर काहीच सापडत नाही." अक्का सांगताना हसत होत्या, आपण त्या बाईंना अट फोनवर वाचून दाखवली, म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

त्या रविवारी मी धुळ्याची एसटी धरली. अक्का ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांनी मलाही एक जुडी दिली. ती हातात धरूनच सांगितलं — तुमची फाइल चांगली होती, मी ती नीट उघडलीच नाही, दुसऱ्या संगणकावर पाहिल्याचं खोटं बोललो.

त्यांचे हात थांबले. मग एवढंच विचारलं, "हे तुला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलंही असतं.

"दुसऱ्याच दिवशी, अक्का. तुम्ही इंग्रजी करायला बसायच्या आधी. तेव्हा सांगितलं नाही. मी चुकलो."