मध्यंतरापर्यंतचे जिभाऊ

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, दिवाळीनंतरच्या एका रविवारी, जिभाऊंच्या मुलीच्या सोयरिकीसाठी नंदुरबारहून सुरतेला आलेले पाहुणे चालू सिनेमातून उठून गेले. मध्यंतर होऊन थोडाच वेळ झाला होता. सिनेमा जिभाऊंनी निवडला होता. पाहुणे उठले तेव्हा जिभाऊ टॉकीजच्या सायकल स्टँडवर उभे होते.

सुरतेच्या नवागाममधल्या आमच्या गल्लीत जिभाऊंना सिनेमातले जाणकार मानत. त्यांनी आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता. या दोन्ही गोष्टी गल्लीला ठाऊक होत्या आणि त्या एकमेकींच्या आड येतात असे कुणाला वाटत नव्हते.

कारण सरळ होते. जिभाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कायम रात्रपाळीला असत. त्याच लूमवर दिवसपाळीला सुकलाल असे. एकाने अर्धवट सोडलेले कापड दुसऱ्याने पुढे विणायचे, अशा दोघांना खात्यात जोडीदार म्हणतात. या जोडीदारांनी कापडाचा नियम सिनेमालाही लावला होता. संध्याकाळच्या खेळाचे तिकीट एकच. मध्यंतरापर्यंत जिभाऊ बसत, मग अर्धे तिकीट खिशात घालून सायकलने खात्यावर जात. तिथे ते तिकीट सुकलालच्या हातात पडे आणि तो त्याच सायकलवर टांग मारून टॉकीज गाठे. खुर्ची गरमच असायची, असे सुकलाल सांगे. दारावरचा गुजराती डोअरकीपर सुरुवातीला जिभाऊंना अडवी.

"काका, अडधुं जोईने क्यां चाल्या?"

"बाकीनुं अमारो माणस जोशे," जिभाऊ सांगत.

चालू खात्यात लूमच्या खडखडाटामुळे बोललेले ऐकू येत नाही. त्यामुळे पहिल्या अर्ध्याची कथा सुकलालला हातवाऱ्यांनी सांगितली जाई. मिशीवरून बोट फिरवले की खलनायक. डोक्यावर पदर ओढला की आई. दोन मुठी एकमेकींवर आपटल्या की बापाचा नकार. सकाळी पाळी बदलताना सुकलाल दुसरा अर्धा भाग त्याच पद्धतीने सांगू लागे, पण जिभाऊ पाहत नसत. ते डबा बांधत असत. "पुढलं माले माहीत शे," असे म्हणून ते घरी येत आणि चहाच्या टपरीवर अख्ख्या सिनेमाचा निकाल देत. त्यांचे तत्त्व होते: "अर्ध्यापर्यंत जो कळत नाही, तो पुढे काय कळणार? कापडाचा पोत पहिल्या हातभरातच दिसतो."

त्यांना सिनेमांची नावे लक्षात राहत नसत. सिनेमात जे खटकले, तेच त्याचे नाव. त्या वर्षांत एक मोठा गाजलेला सिनेमा होता. त्यातले भले मोठे कुटुंब सकाळपासून रेशमात वावरत असे आणि जिन्यावर उभे राहून गात असे. गल्लीतल्या बायका तो पुन्हा पुन्हा पाहून आल्या. जिभाऊंनी त्याला 'बिनपाळीवाल्यांचा' म्हटले. "एवढी माणसं घरात. सकाळचे दहा वाजले. एकाच्याही हातात डबा नाही. पाळीला जातं कोण?" बायकांनी त्यांना सांगून पाहिले की अहो, ती श्रीमंत माणसे आहेत. जिभाऊ म्हणाले, "मग नेसलेलं कापड विणलं कुणी? हिरोइनीची साडी तर आपल्याकडचीच होती. मला काठावरनं कळतं."

दुसरा एक सिनेमा गिरणीवरचा होता. त्यात नायक मागाशेजारी उभा राहून नायिकेच्या कानाजवळ हळूच काहीतरी बोलतो आणि ती लाजते. टॉकीजमध्ये शिट्ट्या वाजल्या. जिभाऊंनी हा सिनेमा साफ निकालात काढला. "माग चालू आहेत. हा कुजबुजतो. तिला ऐकू कसं गेलं? लाजली ती कशाला?" या मतावर मात्र खात्यातल्या कुणाचेही दुमत नव्हते.

सूडाच्या सिनेमांबद्दल ते जरा मवाळ होते. बापाचा खून झाला की लहान मुलगा पळत सुटतो आणि पळता पळता मोठा होतो, हे त्यांना चालत असे. त्यांचा आक्षेप चपलेला होता. "पोरगा वाढला, पाय वाढला, चप्पल तीच. अशी चप्पल मिळते कुठे ते तरी दाखवायचं."

चुका होत. एका नागाच्या सिनेमाची जाहिरात शेजारच्या डिंडोलीपर्यंत भिंतीभिंतीवर लागली होती. मध्यंतरापर्यंत नाग आलाच नाही, म्हणून जिभाऊंनी तो 'घरगुती' ठरवला. त्यांच्या शब्दावर एक बाळंतीण तो पाहायला गेली आणि किंचाळत बाहेर आली. दुसऱ्या एका सिनेमाला त्यांनी "पोट धरून हसाल" असे प्रमाणपत्र दिले होते. गल्लीतल्या बायका जथ्याने गेल्या आणि डोळे सुजवून परतल्या. नायक शेवटी आईच्या मांडीवर मरत होता. बायकांनी जिभाऊंना टपरीवर गाठले. जिभाऊंनी कप खाली ठेवला नाही. "मी देखा तवय तो जित्ता व्हता," ते म्हणाले.

हे वाक्य गल्लीत म्हणीसारखे रूढ झाले. पुढे कुणाची नोकरी गेली, कुणाचा जुना घेतलेला टीव्ही बिघडला, तरी आधीचा मालक तेच म्हणे. जिभाऊंच्या प्रतिष्ठेवर काही परिणाम झाल्याची नोंद नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा त्यांनाच विचारले गेले.

या सगळ्याची शोभाच्या सोयरिकीपर्यंत कधी किंमत मोजावी लागली नव्हती. शोभा ही जिभाऊंची एकुलती मुलगी. नंदुरबारचा मुलगा पाहून गेला होता आणि तो तिला पसंत होता. तिने हे आईला, म्हणजे माईंना सांगितले होते, माईंनी जिभाऊंना. याआधीची दोन स्थळे परतली होती, त्यामुळे माई फार बोलत नव्हत्या. आता मुलाची आई, त्याचा मामा आणि तो स्वतः, असे तिघे शेवटचे ठरवायला येणार होते. खानदेशातून पाहुणा सुरतेला आला की त्याला सिनेमा दाखवायचाच, ही आमच्या गल्लीची रीत होती. न दाखवला तर गावाकडे बोभाटा होई.

या वेळी जिभाऊंनी काळजी घेतली, हे नमूद केले पाहिजे. त्यांनी नवा लागलेला सासू-सुनेचा सिनेमा निवडला. पहिला अर्धा भाग त्यांनी नेहमीप्रमाणे पाहिला: गरिबाची मुलगी मोठ्या घरात सून होते, हळद लागते, सासू स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून तिला घालते. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुकलालला दुसऱ्या अर्ध्याबद्दल विचारले. पाळी बदलताना नव्हे, रविवारी, टपरीवर, तोंडी.

"सुकलाल, पाहुण्यांना दाखवण्याजोगा आहे ना?"

"एक नंबर. सून सासूला हातानं घास भरवते, जिभाऊ. सासू रडते. मी रडलो."

"तुझं सोड. मारामारी?"

"थोडी. शेवटी."

दोन्ही अर्धे भाग तपासून झाले होते. एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. मध्यंतराला जिभाऊ निघत, खात्यावर पोचत, तिकीट देत, आणि सुकलाल टॉकीजवर येईपर्यंत पडद्यावर काही ना काही होऊन गेलेले असे. मध्यंतरानंतरचा तेवढा तुकडा, कुठल्याच सिनेमाचा, त्या दोघांपैकी कुणीही कधी पाहिलेला नव्हता.

त्या रविवारी खाते दर रविवारसारखे बंद होते. सगळे मिळून संध्याकाळच्या खेळाला गेले. हळदीच्या गाण्याला मुलाच्या आईने मान डोलावली, असे माई सांगतात. मध्यंतर झाले. जिभाऊ सवयीने उठले आणि बाहेर गेले. नंतर त्यांनी सांगितले की पाहुण्यांसाठी सोडा आणायला गेलो होतो. सोड्याची गाडी दाराला लागून होती. सायकल स्टँड मागच्या अंगाला.

आत सिनेमा पुन्हा सुरू झाला. पहिल्याच प्रसंगात सुनेने सासूला दंडाला धरून कोठीच्या खोलीत ढकलले, बाहेरून कडी लावली आणि चावी कमरेला खोचली. सासू दार बडवू लागली. टॉकीजमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माई हसल्या. माईंचे म्हणणे असे की त्या खोकल्या. मुलाची आई उठली. मामा उठला. मुलाला आईने दोनदा हाक मारल्यावर तोही उठला. शोभा खुर्चीवरच बसून राहिली.

जिभाऊंना ते दारात भेटले.

"अहो, बसा ना, पुढं फार छान आहे," जिभाऊ म्हणाले.

"तुम्ही पाहिलंय?" मुलाच्या आईने विचारले.

"पोरीला काय काय शिकवता, ते पाहिलं आम्ही," असे म्हणून ती स्टेशनच्या रिक्षात बसली.

पुढचे काही आठवडे नंदुरबारहून काही कळले नाही. शोभा घरी साडीला फॉल लावायचे काम करी. ते तिने चालू ठेवले, पण बापाशी बोलणे सोडले. टपरीवर जिभाऊंना कुणी नव्या सिनेमाबद्दल विचारले, तर ते "पाहिला नाही" म्हणू लागले. हे खरे नव्हते. त्यांनी अर्धा पाहिलेला असे.

मग मध्यस्थ आला. सोयरीक मोडली असे सांगायला तो आला असावा, अशी सर्वांची समजूत झाली. त्याने निरोप सांगितला तो वेगळाच होता. मुलाच्या आईला रात्री झोप लागत नव्हती. त्या सुनेने सासूला का कोंडले आणि पुढे तिचे काय झाले, हे तिला जाणून घ्यायचे होते. नंदुरबारला तो सिनेमा लागायचा होता. कधी लागेल ते कुणी सांगू शकत नव्हते.

टपरीवर सगळ्यांनी जिभाऊंकडे पाहिले. शेवट सांगायला त्यांना कधीच अडचण आली नव्हती. या वेळी त्यांनी कपातला चहा बराच वेळ हलवला.

"माले माहीत नही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी जिभाऊ आणि सुकलाल पहाटेच्या गाडीने नंदुरबारला गेले. तिथे काय घडले याची माहिती सुकलालने दिली. मुलाच्या आईला नंतर विचारले, तेव्हा तिचे सांगणे त्याच्याशी जुळले. ओसरीवर पोहे आले. जिभाऊंनी पहिला अर्धा भाग सांगितला, बांगड्यांपर्यंत. मग ते थांबले. सुकलाल घास भरवण्यापासून सुरू करणार, तेवढ्यात मुलाची आई म्हणाली, "थांब रे. मधलं मला ठाऊक आहे." तिने कोठीचा प्रसंग सांगितला. कडी, चावी, दार बडवणे, सगळे उभे राहून करून दाखवले. सुकलालच्या मते तिने ते टॉकीजपेक्षा चांगले केले.

नंतर सुकलालने आपला भाग सांगितला. घरातल्या एका माणसाने सासूच्या दुधात विष कालवले होते आणि ते फक्त सुनेला समजले होते, हे त्याने पाहिले होते. तिने सासूला वाचवले कसे, ते मात्र त्याला कधीच कळले नव्हते.

"म्हणून कोंडलं होय!" मुलाची आई म्हणाली.

"म्हणून कोंडलं!" सुकलाल म्हणाला.

"मी म्हटलंच होतं, छान आहे," जिभाऊ म्हणाले.

"विष घातलं कुणी?" तिने विचारले.

"मुलाच्या मामानं," सुकलालने सांगितले. ओसरीवर बसलेल्या मामाने चहाची बशी खाली ठेवली. त्यावर मुलाची आई इतकी हसली की शेजारच्या बायका पाहायला आल्या. सोयरीक त्याच बैठकीत पक्की झाली. मामाने हुंड्याचा विषय काढला होता. तो पुढे कुणी ऐकला नाही.

लग्न आमच्या गल्लीत, नवागामलाच झाले. हळद, लग्न, पंगत, सगळीकडे जिभाऊ होते. पंगतीत ते स्वतः जिलेबी वाढत फिरले आणि एका पाहुण्याशी बिनपाळीवाल्यांच्या सिनेमावरून वादही घातला. पंगत उठली. पाठवणीची वेळ झाली तेव्हा ते सापडले नाहीत. माईंनी घरात पाहिले, दोन पोरे टपरीवर जाऊन आली. मांडवामागे लावलेली सायकल जागेवर नव्हती. गाडीवाला घाई करू लागला. शेवटी शोभाचा हात धरून सुकलालने तिला गाडीपर्यंत नेले आणि बापाच्या जागी उभे राहून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दोन दिवसांनी सकाळी पाळी बदलताना सुकलालने लूमशेजारी उभे राहून जिभाऊंना उरलेला भाग हातांनी सांगितला. डोक्यावर पदर. डोळ्यांवर पालथी मूठ. मग गाडीचे चाक फिरवल्यासारखे दोन्ही हात. त्या दिवशी जिभाऊ डबा बांधत नव्हते. ते शेवटपर्यंत पाहत होते, असे बाजूच्या लूमवरच्या कामगाराने सांगितले.

पाठवणीला कुठे होतात, असे त्यांना टपरीवर विचारले गेले. पाळीची वेळ झाली होती, जावे लागले, असे जिभाऊ म्हणाले.

लग्न रविवारी होते.