काटेवाल्याची होडी

माझा नवरा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकानातले छोटे काटे, गोदामातले गोण्यांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यात तान्ह्या बाळांना ठेवतात ते पाळण्यासारखे. सरकारी शिक्का मारायला साहेब येणार असले की आधी लोक याला बोलावतात. पाहुण्यांचं मूल उचलून घेतलं की तो आधी त्याचं वजन सांगतो आणि मग नाव विचारतो. लोक हसतात. त्याला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

शिडाची होडी त्याला एका शीतगृहाच्या आवारात दिसली. काटा दुरुस्त करायला गेला होता. मालकाने हौसेने घेतलेली, दोनदा वापरलेली, आणि मग ताडपत्रीखाली कबुतरांना आंदण दिलेली. चार माणसं जेमतेम झोपतील एवढी खोली, आडवी करता येणारी डोलकाठी, आणि पोटातून खाली सोडायची लोखंडी पाटी, म्हणजे उथळ पाण्यात ती वर ओढून घ्यायची. सगळं ट्रेलरवर. गाडीच्या मागे जोडायचं आणि तलावावर न्यायचं. "चार जागा, चार माणसं," तो मला म्हणाला. "आपल्यासाठीच बनवल्यासारखी आहे." घरात आम्ही चौघं: तो, मी, मोठी आणि धाकटी. होडी आली, घराला लागून असलेल्या त्याच्या कारखान्याच्या छपराखाली गेली, आणि आमची गाडी तेव्हापासून रस्त्यावर उन्हात उभी राहू लागली.

होडीत काय न्यायचं हे काटा ठरवणार होता. कारखान्याच्या दारावर त्याने आकडीचा काटा टांगला आणि त्यावर लटकल्याशिवाय एक वस्तू आत जाऊ दिली नाही. पांघरुणं, स्टोव्ह, दोर, नांगर, नांगराची साखळी, झाकणाचा संडास. संडास काट्यावर लोंबकळताना पाहून माझे दीर चहा सांडेपर्यंत हसले. "दादा, रिकामा तोलतोयस की भरलेला?" नवऱ्याने उत्तर दिलं, "रिकामा. भरलेल्याचा हिशेब वेगळा." दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या त्याने करवतीने अर्ध्या केल्या. चौघांत दोन चमचे. मी औषधांचा डबा भरून दिला होता, तो उघडून त्याने तापाची बाटली काढून ठेवली.

"ताप आला तर?" मी विचारलं.

"होडी वळवू."

"आणि वारा पडला तर?"

"तर ताप उतरेपर्यंत थांबू," तो म्हणाला आणि डबा पुन्हा काट्याला अडकवला. ती बाटली मी पांघरुणाच्या घडीत सरकवली. दोन दिवसांनी ती स्वयंपाकघरात माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी परत आलेली होती. त्याचा हात लागला की कुठल्या घडीत काय आहे ते त्याला कळतं.

या सगळ्यात त्याच्या खांद्याला खांदा लावून कुणी राबलं असेल तर मोठीने. ती चौदा वर्षांची. अंगाने थोराड, उंच, हाताची पकड बापासारखी. होडीचं पोट घासायला ती सुट्टीभर होडीखाली आडवी पडली होती. होडी काचतंतूंची, घासताना उडणारी भुकटी अंगाला लागली की खाज सुटते. रात्री मी तिच्या हातांना तेल लावायचे आणि ती झोपेत खाजवायची. गाठी ती पलंगाच्या पायावर शिकली. डोलकाठी उभी करायला दोघं लागतात, एक पुढून दोर ओढतो आणि दुसरा मागून उचलतो. मागून उचलणारी तीच. आणि हे सगळं ती एका गोष्टीसाठी करत होती. होडीखालून तिने विचारलं होतं, "बाबा, सुकाणू कोण धरणार?" आणि वरून हा म्हणाला होता, "तू. तलावातल्या बेटापर्यंत तू नेणार आपल्याला." मी दारात उभी होते. मी ते ऐकलं आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं सामान तोलून झालं. दीर होतेच, कारागीर बाकावर काम करत होता. नवरा म्हणाला, "आता फक्त माणसं राहिली," आणि गोण्यांचा काटा पुढे ओढला.

धाकटी उडी मारून चढली. काडीसारखी, दहा वर्षांची. मी चढले आणि उतरले. मोठी मागे सरकली.

"मी नंतर."

"नंतर काय? रात्रीत कमी होणार आहे का?"

"दादा, जपून," दीर म्हणाले. "काटा मोडला तरी चिंता नाही म्हणा, दुरुस्त करणारा घरचाच आहे."

ती चढली. नवऱ्याने आकडा मोठ्याने म्हटला, गोदामात म्हणतो तसाच, सूर लावून. आणि बाकावरच्या कारागिराने मान वर न करता, निव्वळ सवयीने, तो खडूने भिंतीवरच्या फळीवर लिहिला. तोंड लपवायला जागा नसलेलं मूल कसं उभं राहतं ते मी त्या दिवशी पाहिलं. ती काट्यावरच उभी राहिली, जणू उतरली तर आकडा वाढेल.

नवरा रागावला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. तो खूश झाला होता. फळीकडे बघत म्हणाला, "वा. मला वाळूच्या गोण्या न्याव्या लागणार होत्या. ही वाऱ्याच्या बाजूला बसली की होडी कलायचं नाव घेणार नाही. आमची गोणी."

दीरांना ते नाव फार आवडलं. धाकटीनेही ते उचललं.

दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात गेली. किनाऱ्यापासून थोडं पुढे जाईपर्यंत सुकाणू मोठीच्या हातात होतं. ती हसत नव्हती, ओठ घट्ट मिटून पुढे पाहत होती. तिला खरा आनंद झाला की ती अशीच दिसते. मग वारा वाढला आणि होडी एका बाजूला झुकली. मी धाकटीचं लाइफ जॅकेट पुन्हा एकदा ओढून पाहिलं.

"गोणी, ऊठ," नवरा म्हणाला. "वर काठावर बस. सुकाणू धाकटीकडे दे."

"सुकाणू धरूनही मी काठावरच बसेन ना बाबा."

"तू मागे बसलीस की होडीचं शेपूट बुडतं. होडी फरपटते. कळत नाही का?"

"तुम्ही म्हणाला होतात."

"तेव्हा तोललं नव्हतं," तो म्हणाला.

ती काठावर जाऊन बसली. दिवसभर तिथेच. होडी वळली की शीड या बाजूचं त्या बाजूला जातं, मग वजनालाही बाजू बदलावी लागते. कुणी काही सांगायच्या आत ती डोकं वाकवून शिडाच्या दांड्याखालून पलीकडे जायची आणि पाठ पाण्यावर झोकून बसायची. पुन्हा वळण, पुन्हा अलीकडे. गुडघे सोलून निघाले. धाकटी सुकाणूवरून ओरडायची, "गोणी, सरक," पण तोवर मोठी सरकलेली असायची.

रात्री बेटाशी नांगर टाकला. झोपायच्या जागा वाटताना नवऱ्याने तिला पुढच्या, नाकातल्या जागेतून उठवलं. "तिथे नको. नाक बुडेल."

"बाबा, नांगर टाकलाय. आपण कुठे चाललोच नाही."

"सवय असू दे."

ती मधल्या वाटेत, स्टोव्हच्या पायथ्याशी झोपली. चौथी जागा मोकळी राहिली. तिथे आम्ही कपडे वाळत घातले.

पुढच्या वेळी ती आली नाही. गाडीला ट्रेलर जोडून झाला होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "मी येत नाही." मला वाटलं हा चिडेल, निदान समजूत घालेल. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग छपराखाली गेला आणि पाण्याचे रिकामे कॅन बाहेर काढले. एकेक भरून गोण्यांच्या काट्यावर ठेवत गेला, फळीवरच्या आकड्याशी जुळेपर्यंत. शेवटच्या कॅनमधून त्याने ओंजळभर पाणी काढलं. आकडा पुसला गेला नव्हता. मोठी हे सगळं दारातून बघत होती.

"वजन तेवढंच," तो कॅन होडीवर चढवत म्हणाला, "आणि तोंड नाही."

धाकटी हसली. मग बहिणीकडे बघून तिने हसू आवरलं.

"पोरीला असं बोलतात?" मी म्हटलं.

"मी कुठे बोललो? काटा बोलतोय."

मी थांबायला हवं होतं की जायला, हे मला त्या क्षणी ठरवता आलं नाही. धाकटी होडीत जाणार होती, तिला पोहता जेमतेम येतं. मी गेले. मोठीला दिरांकडे जा म्हटलं. ती म्हणाली, "घरीच बरं आहे. तिकडे काटा नाही, पण काका आहेत."

नवऱ्याने कॅन वाऱ्याच्या बाजूच्या बाकावर दोराने आवळून बांधले, ट्रकवाल्यांच्या गाठी मारून. होडी खरंच छान चालली. कललीच नाही. तो इतका आनंदात होता की मला म्हणाला, "बघ, एका जागी कशी बसलीय शहाण्यासारखी." मी समोरच्या बाकावर बसून त्या कॅनांकडे पाहत होते.

मग बेटाच्या टोकाला वळायची वेळ आली. "वळव," तो म्हणाला. धाकटीने सुकाणू लोटलं, शीड डोक्यावरून पलीकडे गेलं. माझा नवरा मात्र दुसऱ्या काठावर जाऊन बसला आणि वाट बघत राहिला. कशाची, ते त्यालाही माहीत नसावं. कॅन होते तिथेच होते. आता ती बाजू खालची होती.

होडी एकदम त्या बाजूला पडली. उलटली नाही, पण काठावरून पाणी आत यायला लागलं. धाकटी सुकाणूवरून घसरली ती थेट कॅनांवर आपटली, ओठ फुटला. मी तिच्या जॅकेटचा पट्टा पकडला आणि दुसऱ्या हाताने काय पकडलं मला आठवत नाही. नवरा ओरडला, "गोणी, वर!" सवयीने. मग त्यालाच ऐकू आलं. गाठी ओल्या होऊन आवळल्या होत्या, सुटेनात. त्याने शिडाचा दोर सोडून दिला, शीड फडफडू लागलं, आणि होडी हळूहळू सरळ झाली. आम्ही पोटऱ्यांएवढ्या पाण्यात उभे होतो. धाकटी रडत म्हणत होती, "ताई असती तर सरकली असती."

होडीमागचं छोटं इंजिन लावून आम्ही परत आलो.

मोठीने बहिणीचा ओठ पाहिला होता, औषध लावलं होतं. रात्री जेवताना तोच म्हणाला, "पुढच्या खेपेला चल."

"सुकाणू देणार?"

माझा हात वाढता वाढता थांबला. तो ताटात बघत होता. मला वाटतं, त्याने खरंच विचार केला. त्याच्या तोंडावरून दिसत होतं. आणि मग तो आयुष्यभर जे करत आलाय ते त्याने केलं.

"थोडी हलकी हो," तो म्हणाला. "मग बघू."

"मग नको," मोठी म्हणाली आणि मला म्हणाली, "आई, वाढ ना."

आठवडाभर कारखान्यात ठोकाठोक चालली. त्याने होडीच्या बैठकीत आडवी पट्टी बसवली आहे. तिच्यावर छोट्या चाकांची फळी, फळीवर कॅन, आणि दोन्ही बाजूंना दोर. वळण आलं की दोर ओढायचा, वजन आपोआप पलीकडे. दिरांनी येऊन पाहिलं आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. म्हणाले, "दादा, एवढ्या खटाटोपापेक्षा पोरीला सुकाणू दिलं असतंस." नवरा म्हणाला, "तुला होडीतलं काय कळतं?"

मोठी आता डोलकाठी उचलायलाही येत नाही. काठी दिरांना बोलावून उचलावी लागते. भिंतीवरच्या फळीवरचा आकडा तिने एका सकाळी ओल्या फडक्याने पुसला; बापाने विचारलं नाही, त्याला तो पाठ आहे. धाकटी सुकाणू धरते पण बसताना काठ घट्ट पकडून बसते. आणि तो दोर ओढायचं काम माझ्याकडे आहे. "ओढ," तो म्हणतो, आणि मी ओढते. कॅन घरंगळत पलीकडे जातात, होडी सरळ राहते. तो शिडाकडे बघून मान डोलावतो आणि म्हणतो, आता वजन अगदी बरोबर बसलंय.